डोक्यावरून गेलं ते जुनं की निओ? विमानाच्या आवाजाची तक्रार नीट कशी करायची

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी रात्री साडेअकराला लिहितंच, "काय हा आवाज, बाळ परत उठलं", मग खाली दहा चिडके इमोजी येतात आणि एखादे काका "फ्लॅट घेताना विमानतळ दिसला नव्हता का" असं टाकून झोपून जातात. विषय तिथेच संपतो. मी पुण्यात धानोरीत राहते, रनवेच्या अगदी नाकासमोर म्हणा ना, आणि हे सगळं मीही केलंय, इमोजीसकट. मग हळूहळू लक्षात आलं की "विमानांचा फार आवाज होतो" ही तक्रार म्हणजे "गाड्यांचा फार आवाज होतो" म्हटल्यासारखं आहे, त्यात सायलेन्सर काढलेली बुलेटही आली आणि इलेक्ट्रिक स्कूटरही आली. कुठलं विमान, कुठल्या पिढीचं इंजिन, चढताना की उतरताना, एवढं सांगता आलं तरच समोरच्याकडे काहीतरी नेमकं मागता येतं. ते कसं शोधायचं, मोजायचं आणि मागायचं ते लिहिते.

आधी एक गोष्ट बाजूला काढा, फायटर. लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, हा मुळात हवाई दलाचा तळ आहे, प्रवासी विमानं तिथे पाहुणी आहेत, रनवे आणि एटीसी, म्हणजे विमानांचं वाहतूक नियंत्रण, हवाई दलाकडे. सुखोई आफ्टरबर्नर लावून उडतं तेव्हा छातीत धडधडतं ते खरंय, पण त्यावर एअरलाइनकडे काही उपाय नाही आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख आला की अख्खं पत्र "संरक्षण विषय" म्हणून बाजूला पडायला एक कारण मिळतं. ओळखायचं सोपं आहे, फायटरचा आवाज अचानक येतो, फाडल्यासारखा येतो आणि बहुतेक वेळा जोडीजोडीने येतो, शिवाय फ्लाइटरडारवर, म्हणजे उडणारी विमानं नकाशावर दाखवणाऱ्या मोबाइल अ‍ॅपवर, तो दिसत नाही. दिसत नाही ना, मग वहीत लिहायचं नाही.

आता फ्लाइटरडार२४. फुकटचं व्हर्जन पुरे. डोक्यावरून विमान गेलं की अ‍ॅपमधल्या पिवळ्या चिन्हावर टॅप करायचं आणि एअरलाइनचं नाव सोडून विमानाचा टाइप बघायचा. ए२०एन लिहिलंय म्हणजे एअरबस ए३२० निओ, नव्या इंजिनाचं, ए२१एन म्हणजे ए३२१ निओ, नुसतं ए३२० किंवा ए३२१ म्हणजे जुन्या इंजिनाचं, ज्याला लोक सीईओ म्हणतात (कंपनीच्या साहेबाशी संबंध नाही). बी३८एम म्हणजे बोइंग ७३७ मॅक्स ८, बी७३८ म्हणजे आधीच्या पिढीचं ७३७-८००. एटी७६ हे एटीआर, पंख्याचं. शेजारी व्हीटी- असं सुरू होणारा नंबर असतो तो त्या विमानाचा स्वतःचा, गाडीच्या एमएच-१२ सारखा, तोही लिहून घ्या, कारण फ्लाइट नंबर रोज तोच असतो पण विमान रोज वेगळं येतं, आज निओ तर उद्या जुनं. मी पहिले काही दिवस फक्त फ्लाइट नंबर लिहीत होते आणि एकच फ्लाइट सोमवारी गुपचूप जाते आणि बुधवारी घर हलवते हे काही केल्या कळेना.

मोबाइल हातात नसेल तर डोळ्यांनीही ओळखता येतं. निओचं इंजिन डोळ्यात भरतं, पंखाखाली पाण्याचं पिंप लटकवल्यासारखं. जुन्या ए३२० वर सीएफएम इंजिन असेल तर पुढचा पंखा साधारण १७३ सेंटिमीटरचा, व्ही२५०० असेल तर १६१, आणि निओवर लीप असेल तर १९८, प्रॅट अँड व्हिटनी असेल तर २०६. मॅक्सच्या इंजिनाची मागची कड करवतीसारखी दातेरी असते, ती नक्षी म्हणून नाहीये, इंजिनातून निघणारा झोत आणि बाहेरची हवा एकमेकांत हळूहळू मिसळावी म्हणून ते दाते. काही दिवसांनी कानही तयार होतात, माझ्या सासूबाई आता कुकर लावता लावता खिडकीकडे न बघता सांगतात, "जुनं गेलं".

कुकरवरून आठवलं, इंजिन मोठं झालं तर आवाज कमी कसा हा प्रश्न सगळ्यांना पडतो, मलाही पडला होता. कुकरची शिट्टी बघा, वाफ किती थोडी पण बारीक भोकातून जोरात बाहेर पडते म्हणून किंचाळते, आणि छताचा पंखा तिच्या कितीतरी पट हवा हलवतो पण तुम्ही त्याच्याखाली झोपता. विमानाला पुढे ढकलायला हवा मागे फेकावी लागते, ती थोडी हवा खूप जोरात फेकून जमतं किंवा खूप हवा जरा हळू फेकून जमतं. झोताच्या आवाजाची ताकद वेगाच्या आठव्या घाताने वाढते, हे लाइटहिल नावाच्या ब्रिटिश गणितज्ञाने १९५२ साली मांडलं, म्हणजे झोताचा वेग निम्मा केला तर त्या आवाजाची ऊर्जा २५६ पट कमी, डेसिबलमध्ये २४. म्हणून इंजिनवाले पुढचा पंखा मोठा मोठा करत गेले आणि जास्तीत जास्त हवा इंजिनाच्या गाभ्याच्या बाहेरून वळवायला लागले. याला बायपास रेशो म्हणतात. जुन्या ७३७-२०० च्या इंजिनाला तो १ च्या आसपास होता, सीएफएम५६ ला साडेपाच-सहा, लीप-१ए ला ११ आणि निओवरच्या प्रॅटच्या इंजिनाला १२ च्या घरात. प्रॅटवाल्यांनी तर मध्ये गिअरबॉक्स टाकलाय, टर्बाइन जोरात फिरते आणि पंखा तिच्या साधारण एक तृतीयांश वेगाने. निओच्या आवाजाचा पसारा, म्हणजे मोठा आवाज जिथवर पोचतो तो परिसर, जुन्यापेक्षा जवळपास निम्मा असा एअरबसचा दावा आहे.

पण, आणि हा पण लक्षात ठेवा कारण सगळ्या तक्रारी इथेच चुकतात, हा फायदा मुख्यतः टेकऑफला मिळतो. उतरताना इंजिन मंदच असतात, तेव्हा ओरडतात ती बाहेर काढलेली चाकं, फ्लॅप (पंखांच्या मागच्या, खाली वळणाऱ्या पट्ट्या) आणि विमानाचं अंग. निओ काय आणि जुनं काय, चाकं तशीच. त्यामुळे तुम्ही रनवेच्या कुठल्या टोकाला राहता आणि त्या दिवशी वारा कुठला यावर तुमची तक्रार ठरते. लोहगावचा रनवे १०/२८, म्हणजे साधारण पूर्व-पश्चिम, पश्चिमेला धानोरी-विश्रांतवाडी आणि पूर्वेला वाघोली. विमान उडतं आणि उतरतं वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, मग टेकऑफ आमच्या डोक्यावर आणि लँडिंग वाघोलीवाल्यांच्या. वारा फिरला की आमचं दुखणं त्यांना आणि त्यांचं आम्हाला. विमाननगरवाले रनवेच्या बाजूला, त्यांना टेकऑफची घरघर आडवी मिळते.

हे तीन त्रास वेगळे आहेत हे कागदावरही मान्य आहे बरं का. आयकाओ या नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणे विमानाच्या प्रत्येक मॉडेलचा आवाज तीन जागी मोजून सर्टिफिकेट मिळतं, टेकऑफसाठी धावायला सुरुवात केल्यापासून साडेसहा किलोमीटरवर, रनवेच्या बाजूला ४५० मीटरवर आणि उतरताना रनवेच्या २ किलोमीटर आधी, जिथे विमान जेमतेम १२० मीटर उंच असतं. आपल्या नकाशावर बसवलं तर पहिली जागा साधारण दिघी-कळसच्या आसपास येते, दुसरी विमाननगरच्या बाजूची, तिसरी वाघोलीच्या अलीकडची. नियमांना ते चॅप्टर म्हणतात. चॅप्टर ३ सत्तरच्या दशकातला, २००६ पासूनच्या नव्या डिझाइनना चॅप्टर ४, त्यात तिन्ही जागांची बेरीज मिळून १० डेसिबल कमी हवी, आणि २०१७ च्या शेवटापासून मोठ्या विमानांच्या नव्या डिझाइनना चॅप्टर १४, आणखी ७ कमी. युरोपच्या ईआसा या संस्थेने विमानाच्या मॉडेल आणि इंजिनाप्रमाणे हे आकडे एक्सेलमध्ये सगळ्यांसाठी ठेवलेत, डाउनलोड करा, तुमच्या डोक्यावरून जाणारे चार-पाच टाइप शोधा आणि तिन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा. एकाच मॉडेलच्या ढीगभर ओळी दिसतील कारण वजन आणि इंजिन बदललं की आकडा बदलतो, घाबरू नका, इंजिनाचं नाव बघून मधलं वजन घ्या.

आता मोजायचं. वर्गणी काढून आयईसी ६१६७२ क्लास २ (आवाज मोजायच्या मीटरचं आंतरराष्ट्रीय मानक) लिहिलेला मीटर घेता आला तर उत्तम, नाहीतर फोनवरचं साउंड मीटर अ‍ॅप, सेटिंग ए-वेटिंगवर, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येतं तसं मोजणारं. फोनचा आकडा सरकारदरबारी पुरावा म्हणून टिकणार नाही हे धरूनच चला, पण तोच फोन, तीच जागा, तोच कोपरा ठेवला तर दोन विमानांमधला फरक बऱ्यापैकी कळतो आणि आपल्याला फरकच हवाय. कव्हर काढा, माइकवर बोट नको, भिंतीपासून दोन-तीन पावलं लांब उभं राहा, वारा असेल तर माइकवर पातळ स्पंजचा तुकडा. टेकऑफची तुलना टेकऑफशीच. थंडीत सकाळी जमिनीलगत गार आणि वर ऊबदार हवा असते तेव्हा आवाज वाकून खाली येतो, तेच विमान जास्त जोरात ऐकू येतं, म्हणून वेळ आणि हवा पण लिहा. माझा पहिला आठवडा सगळा वाया गेला, फोन मी गच्चीवर पाण्याच्या टाकीवर ठेवत होते आणि रोज सकाळी सव्वासहाला एक जबरदस्त आकडा यायचा, मी मनातल्या मनात एका एअरलाइनला शिव्या घालून पत्राचा मसुदापण लिहून ठेवला, आणि तो आकडा होता आमच्याच सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीचा.

वहीत रकाने फार नकोत. तारीख, वेळ, टाइप, व्हीटी नंबर, चढलं की उतरलं, सर्वात जास्त आकडा, आणि शेवटी "झोप मोडली का". शेवटचा रकाना मुद्दाम आहे. २०१८ साली केंद्राने विमानतळाच्या आसपासच्या आवाजाची मर्यादा ठरवली, वर्षाला ५० हजारांपेक्षा जास्त उड्डाणं-लँडिंग असलेल्या विमानतळांना दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल, बाकीच्यांना दिवसा ६५ आणि रात्री ६०. पण ही सरासरी आहे, आणि सरासरीत एक विमान कसं गायब होतं ते बघा, तासाभरात एकच विमान गेलं, ३० सेकंद ८० डेसिबल, उरलेला वेळ पूर्ण शांत धरला तर तासाची सरासरी येते ५९ च्या आसपास. कागदोपत्री सगळं ठीक आणि बाळ मात्र उठलेलं. म्हणून सरासरीच्या भांडणात पडूच नका, किती वेळा झालं आणि कुठल्या टाइपने झालं ते मोजा. पंधरा दिवस पुरतात, रात्री १० ते सकाळी ६ वेगळ्या रंगाने.

माझ्या वहीत काय दिसलं? चढताना निओ आणि जुनं यातला फरक शाळकरी पोरालाही कळेल इतका स्पष्ट, उतरताना जवळपास काहीच नाही, फक्त काही एअरबस लांबून येताना एक बारीक शिट्टी वाजवायच्या. ती शिट्टी काय असते हे शोधताना मला या सगळ्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट सापडली. ए३२० च्या पंखांखाली इंधन टाकीचा दाब सोडायला गोल खळगे असतात, त्यांच्यावरून हवा जाते आणि रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर जसा आवाज होतो तसा होतो. जर्मनीच्या लुफ्थान्साने २०१४ पासून त्या खळग्यांच्या पुढे तळहाताएवढी एक वाकडी पट्टी बसवायला घेतली, व्होर्टेक्स जनरेटर म्हणतात तिला, हवा थोडी विस्कटते आणि शिट्टी बंद. रनवेपासून १० ते १७ किलोमीटरवर विमानाचा एकूण आवाज त्यामुळे ४ डेसिबलपर्यंत उतरतो. आपल्याकडे तेवढं अंतर म्हणजे वाघोलीच्या पलीकडे, केसनंदच्या बाजूला. नव्या विमानांत ती कारखान्यातूनच येते, जुन्यांना मागून बसवता येते, इंजिन बदलायच्या मानाने चिल्लर खर्च. वाघोलीपलीकडच्यांनी निओ मागण्यापेक्षा ही पट्टी मागावी असं माझं स्पष्ट मत आहे.

मागायचं कुणाकडे. टर्मिनल आणि प्रवासी विमानांची बाजू एअरपोर्ट अथॉरिटीकडे, म्हणून पहिलं पत्र पुणे विमानतळाच्या संचालकांना, प्रत नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएला, कारण विमानतळावरच्या आवाजाच्या व्यवस्थापनाचा नियम त्यांच्या सीएआर या नियमावलीच्या सेक्शन १० मध्ये आहे, आणि एक प्रत विमानतळ सल्लागार समितीला. पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री झाले, तेव्हा त्यांच्या कार्यालयातही एक प्रत द्यायला हरकत नाही, गावातला माणूस त्या खात्यात रोज रोज नसतो. पत्राआधी एक आरटीआय टाका, ऑनलाइन १० रुपयांत होतो, त्यात एवढंच विचारा की गेल्या सहा महिन्यांत रात्री १० ते ६ मध्ये नागरी विमानांची किती उड्डाणं आणि लँडिंग झाली, टाइपप्रमाणे. रनवेबद्दल, हवाई दलाबद्दल एक अक्षर नको.

पत्र एका पानाचं. मी साधारण असं लिहिलं: "आम्ही अमुक सोसायटीचे रहिवासी, विमानतळ बंद करा किंवा उड्डाणं कमी करा अशी आमची मागणी नाही. सोबतच्या १५ दिवसांच्या नोंदींनुसार रात्री १० नंतरच्या टेकऑफपैकी जुन्या इंजिनाची विमानं अमुक. विनंती अशी की रात्रीच्या वेळा देताना चॅप्टर १४ च्या पातळीत बसणाऱ्या विमानांना प्राधान्य द्यावं, जुन्या ए३२० विमानांना व्होर्टेक्स जनरेटर बसवलेत का हे एअरलाइन्सना विचारावं आणि एअरलाइनप्रमाणे आवाजाची तिमाही यादी जाहीर करावी." पहिलं वाक्य काढू नका. "बंद करा" दिसलं की फाइल वेगळ्या टेबलावर जाते, आणि खरं सांगायचं तर दिवाळीत दिल्लीची फ्लाइट आपल्यालाही हवीच असते.

यातली एकही मागणी हवेतली नाही हे कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. झुरिकने १९८० मध्येच आवाजाप्रमाणे लँडिंगचे पैसे घ्यायला सुरुवात केली. लंडनच्या हीथ्रोवर १९९३ पासून रात्रीच्या विमानांना पॉइंट लागतात, विमान साधारण ३ डेसिबलने शांत असलं की पॉइंट निम्मे, आणि हंगामाचा एकूण कोटा ठरलेला, म्हणजे शांत विमान आणणाऱ्याला त्याच कोट्यात जास्त फेऱ्या बसवता येतात. एअरलाइनला समजावायची गरजच उरत नाही, हिशोब तिचा ती करते. कुठली एअरलाइन किती शांत उडते याची क्रमवारीसुद्धा हीथ्रो जाहीर करतं, आणि त्या यादीत तळाला राहायला कुठल्याच मार्केटिंगवाल्याला आवडत नाही. अशी यादी करायला खर्च जवळपास शून्य, म्हणून माझा जोर तिच्यावर.

लगेच फरक पडेल असं मात्र कुणाला सांगू नका. इंडिगोकडे २०१६ मध्ये पहिलं निओ आलं, अकासाने २०२२ मध्ये सुरुवातच मॅक्सवर केली, २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांच्या ऑर्डर दिल्या, म्हणजे दिशा बरोबर आहे, पण त्याच २०२३ मध्ये प्रॅटच्या इंजिनांतल्या धातूच्या पावडरीत दोष निघाला, बरीच निओ जमिनीवर बसली आणि ती खोट भरायला जुनी ए३२० भाड्याने आली. तुमच्या वहीत अचानक जुनी विमानं वाढलेली दिसली तर एअरलाइनने मुद्दाम केलं असं गृहीत धरू नका, आधी विचारा. आणि तिकीट आपणही काढतोच की, बुकिंग करताना फ्लाइट डिटेल्समध्ये विमानाचा टाइप लिहिलेला असतो, भाडं सारखं असेल तर निओ किंवा मॅक्स घ्या. ऐनवेळी बदलू शकतं, तरी घ्या. खराडीत नाहीतर हिंजवडीत कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कवर कुणी ओळखीचं असेल तर त्यांना एकदा बोला, ते दिवसाला जेवढी तिकिटं काढतात तेवढी आपली सोसायटी वर्षभरात काढत नाही.

एक मोजमाप मात्र आता कुणालाच घेता येणार नाही याची चुटपुट लागून राहिलीय. २०२१ च्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून, १६ ते २९ तारखेपर्यंत रनवेच्या कामासाठी प्रवासी विमानं पूर्ण बंद होती. त्या चौदा दिवसांत गच्चीवर फोन ठेवून नुसता शांततेचा आकडा लिहून ठेवला असता तर आज त्याच्याशी तुलना करता आली असती. तेव्हा आम्ही फक्त म्हणालो, "किती छान वाटतंय ना", आणि फराळाला लागलो.

पत्र हातोहात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, नोंदींची झेरॉक्स जोडा, मूळ वही घरीच ठेवा. तीन महिन्यांनी परत पंधरा दिवस, तोच फोन, तोच कोपरा, शक्यतो वाऱ्याची दिशाही तीच. आणि पाण्याची मोटार किती वाजता सुरू होते ते वॉचमनला आधी विचारून घ्या.